सुक्याबरोबर ओलंही

पहिल्याच भेटीत मी त्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं, आणि त्याचा मला आजही काडीचा पश्चात्ताप नाही.

झालं असं, की जेवणानंतर हात धुवायला उठले, तर जिन्यात जळका वास आला. आमचं ऑफिस सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्यावर फक्त गच्ची. मी फरशी पुसायची बादली उचलली आणि धावले. गच्चीच्या कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यात काहीतरी धडाडून पेटलं होतं आणि त्याच्यापुढे एक माणूस उकिडवा बसला होता, डोळे मिटून, अगदी सुखात! मागचापुढचा विचार न करता मी बादली रिकामी केली. निम्मं पाणी आगीवर गेलं, निम्मं त्याच्यावर.

चर्रर्र... धूर झाला. त्याने डोळे उघडले आणि कानांवरचे हेडफोन हळूच काढले. पापण्यांवरून पाणी ठिबकत होतं.

"छान," तो म्हणाला. "विझण्याचा आवाज उद्या घेणार होतो. आजच झाला."

"तुम्ही कोण? आणि इथे काय जाळताय?"

"स्टुलाचा पाय. तुमच्या त्या गेममध्ये स्टूल जळतं ना? ते जळताना कसं वाजतं, ते टिपतोय. स्टूल जळावं हे कुठल्या महाभागाने ठरवलं, देव जाणे!"

"मी ठरवलंय," मी म्हणाले.

त्याने मान वर केली आणि पाहिलं... म्हणजे आधीही पाहतच होता, पण आता नीट पाहिलं.

"मग तुम्हीच सांगा, ओलं स्टूल जळतं का?"

"नाही. ओलं काहीच जळत नाही. नियम आहे."

"आणि ओला माणूस?"

"माणूस सरपणात धरत नाही आम्ही."

"बघू," तो म्हणाला आणि शर्टाची बाही पिळू लागला.

काय जळावं आणि काय जळू नये, हे ठरवणं हाच माझा व्यवसाय. चारचौघांत सांगितलं तर लोक हसतात. आमच्या गेममध्ये खेळणारा एका गोठलेल्या डोंगरावर येऊन पडतो. मिळेल त्यातून घर बांधायचं, हवं ते बनवायचं, आणि शेकोटी विझू द्यायची नाही. लाकूड जळतं, दगड जळत नाही, इथपर्यंत कुणीही सांगेल. खरी पंचाईत पुढे होते. शिडीचं काय? होडीचं काय? आणि दार?

दारावरून आमचं पहिलं भांडण झालं. तेव्हा तो रोज दुपारी गच्चीवर काहीतरी पेटवायचा आणि मी रोज दुपारी चहाचा कप घेऊन वर जायचे. कामानिमित्त, अर्थातच.

"दार जाळलं तर वारा आत येईल," तो म्हणाला.

"येऊ दे की! बाहेर हिमवादळ आहे, सरपण संपलंय. ऊब हवी की आडोसा, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्यासाठीच तर खेळतात लोक. दार जळणार."

"तुम्ही नेहमीच एवढ्या ठाम असता?"

"नेहमी."

"कधीच डळमळत नाही?"

"ऑफिसातली माझी खुर्ची डळमळते. मी नाही."

तो हसला आणि हेडफोन माझ्या कानांवर चढवू लागला. केस अडकू नयेत म्हणून ते त्याने बोटाने अलगद मागे सारले. बोटांना धुराचा वास होता. कानात झाडाची साल तडतडत होती, मग गवताने पेट घेतला, सळसळत... आणि त्यातच माझ्या छातीतली धडधड मला ऐकू यायला लागली. बाई गं, मी मनात म्हटलं, आता तुझं काही खरं नाही.

आणि नेमकं त्याच दुपारी त्याने सांगितलं. "एवढे आवाज संपले की मी जहाजावर. माशांचे आवाज टिपायचं काम आलंय. वर्षभर समुद्रावर."

"मासे बोलतात?"

"फार. पण कुणाच्या अंगावर पाणी ओतत नाहीत."

मला हसू आलं नाही. वर्षभर! मी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि म्हणाले, "शिडीसुद्धा जळते, बरं का."

"काल तर नाही म्हणालात."

"आज विचार बदलला."

"म्हणजे डळमळलात?"

"सुधारले."

शिडीमागून वल्हं जळायला लागलं. मग टोपली, झाडू, उशी, पायपुसणं. अडवणार कोण? नियम करणारी मीच, मोडणारीही मीच. सगळं कोरडं सामान संपलं, तेव्हा एक दिवस मी छातीठोकपणे जाहीर केलं, "सुक्याबरोबर ओलंही जळतं."

"ही तर म्हण झाली," तो म्हणाला.

"मग? लोक काय उगाच म्हणतात?"

त्याने निमूटपणे पायपुसणं पाण्यात बुडवलं, डब्यात ठेवलं आणि फुंकर मारू लागला. ते कसलं पेटतंय! आम्ही दोघं खोकून खोकून बेजार झालो. त्या धुरातच कधीतरी 'तुम्ही' गेलं आणि 'तू' आलं. डोळ्यांतलं पाणी पुसता पुसता मी मनाशी ठरवून टाकलं, हा माणूस मला हवा आहे.

माझं पितळ उघडं पाडलं ते आईने. गेम बाहेर देण्याआधी मी तो नेहमी घरी आईला खेळायला देते. तिच्याइतकं स्पष्ट बोलणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती आणि डोंगरावर तिची शेकोटी मस्त रसरसत होती.

"आई, तू कोळसा आणायला खाली गेलीच नाहीस?"

"कोळसा कशाला? पायपुसणं जळतंय की चांगलं."

"अगं, पण खाली गुहा आहेत. इतक्या सुंदर..."

"असतील. वर एवढं सरपण असताना मी कशाला अंधारात चाचपडू?" मग तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि काय गं, भिजलेलं पायपुसणं जळतं? जळलं मेलं ते लक्षण! तू एवढी हिशेबी पोर. कोण आहे तो?"

"कोण कोण?"

"ज्याच्यापायी पायपुसणी पेटलीत तो."

आईपुढे थापा चालत नाहीत. "आमचा आवाजवाला आहे," मी म्हणाले. "काम संपलं की जाणार आहे."

"मग त्याला सांग की तोंडाने! त्यासाठी दुनिया कशाला पेटवतेस?"

त्या गुहा आमच्या ताईंनी रंगवल्या होत्या. ताई म्हणजे ऑफिसच्या मालकीण, पण त्यांना मॅडम म्हणायची कुणाची टाप नाही. दुसऱ्या कुणाला हात लावू न देता त्यांनी त्या गुहांमधला दगड न् दगड रंगवला होता, ओल्या भिंतींवरची निळी बुरशीसुद्धा. खेळणारा खाली उतरणार तो फक्त कोळशासाठी. आणि मी वरच एवढं सरपण करून ठेवलं होतं, की त्या गुहा कुणी पाहणारच नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली. प्रेम माझं, आणि भुर्दंड ताईंना?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं रद्द केलं. लाकूड, साल, गवत, कोळसा आणि स्टूल ठेवलं. दारही ठेवलं, त्या बाबतीत मी बरोबरच होते. मग ताईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं, कशापायी केलं तेसुद्धा.

"वाटलंच मला," ताई म्हणाल्या. "तुमच्या त्या पायपुसण्याचा धूर माझ्याच खिडकीतून आत येत होता." आमचं आणखीही थोडं बोलणं झालं, आणि मी गच्चीवर गेले.

तो उशी पेटवायच्या खटपटीत होता.

"विझव ते," मी म्हणाले. "उशी जळत नाही."

"काल तर जळत होती."

"शिडी, वल्हं, टोपली, पायपुसणं... काहीच जळत नाही. तुझं काम संपलं."

त्याचा हात थांबला. "मग इतके दिवस...?"

"आवाज संपले की जाणार म्हणालास, म्हणून मी आवाज संपू दिले नाहीत. आता सगळं विझवून आलेय. मला तू आवडतोस. खूप आवडतोस. नको जाऊस."

बोलून टाकलं. आवाज जराही कापला नाही.

तो हसायला लागला.

"हसतोस काय?"

"अगं, लाकूड ते लाकूड! स्टूल काय, शिडी काय, वल्हं काय, सगळं एकाच आवाजात जळतं. माझं काम तर तू शिडीचा विषय काढलास त्याच दिवशी संपलं होतं."

"मग रोज वर येऊन काय करत होतास?"

"चहाची वाट बघत होतो," तो म्हणाला. "ओलं पायपुसणं जळत नाही, हे मला माहीत नव्हतं असं वाटतं तुला? तू फुंक म्हणालीस... मी फुंकत बसलो. आणखी काय सांगायचं असतं माणसाने?"



जहाजवाले अजून त्याच्या होकाराची वाट बघत होते. त्याने फोन काढला, दोन ओळी लिहिल्या, मला वाचायला दिल्या – 'क्षमस्व, मला येता येणार नाही' – आणि माझ्यासमोर पाठवून दिल्या. मग काजळी लागलेल्या हातात माझा हात घेतला. तो हसत होता, पण चेहरा थोडा उतरला होता.

"झालं. जहाजही गेलं आणि इथलं कामही गेलं. आता मी पक्का बेकार."

"बेकार कसला? ताईंच्या गुहा अजून मुक्या आहेत. पाणी ठिबकायचंय, दगड ढासळायचेत, वटवाघळं उडायचीत. सकाळीच विचारलंय मी त्यांना. उद्यापासून ये म्हणाल्यात."



"सकाळीच? अगं, मग हे आधी सांगायला काय झालं होतं? घाम फुटला मला!"

"आधी सांगितलं असतं," मी म्हणाले, "तर तू कामासाठी थांबलास की माझ्यासाठी, हे मला जन्मात कळलं नसतं."