कोऱ्या लेबलची तबकडी

हे वाचून तुम्ही म्हणाल, रचून सांगतोय. खुशाल म्हणा. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मीही तेच म्हणालो असतो.

पण ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा धाकटा मामा आहे, आणि मामाला थापा मारता येत नाहीत. मारायला गेला की कान लाल होतात. आयुष्यात दोनच थापा त्याने पचवल्या. ही हकीकत त्या दोन थापांची आहे.

दिवस मार्चमधला दुसरा रविवार. दुपारचे चार. लख्ख ऊन. जागा, चपलांच्या दुकानावरची खोली. भुताची वेळही नव्हती आणि जागाही नव्हती.

मामा कवळ्या बनवतो. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात आणि साचा मामाकडे पाठवतात. मामा आपल्या खोलीत बसून त्या मापाचे दात बसवतो. त्याच्याकडे एक लांबलचक कपाट आहे. त्यात लोकांच्या तोंडांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले. लहानपणी मी ते कपाट उघडलं होतं. त्यानंतर दोन दिवस मला घास गिळवत नव्हता.

असल्या माणसाला नाद कसला असावा? जॅझचा!

दर रविवारी दुपारी तिघं जमायचे. चपलांचा दुकानदार, लायब्ररीतून निवृत्त झालेल्या एक बाई आणि मामा. एकाने जुनी रेकॉर्ड आणायची. लेबलवर कागद चिकटवायचा. रेकॉर्ड दोनदा वाजवायची, आणि प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं. सॅक्सोफोन कोणाचा, ड्रम कोणाचे, पियानोवर कोण. चिठ्ठ्या बुटाच्या रिकाम्या खोक्यात. एकदा टाकलेली चिठ्ठी परत घ्यायची नाही, हा नियम.

मामा कधी चुकायचा नाही. दुकानदार त्याला ‘कानसेन’ म्हणायचा. मामा म्हणायचा, “सूर काय, कोणीही लावेल. मी खोड ऐकतो. कोण उशिरा श्वास घेतो, कोण टोकाला घसरतो. माणूस त्याच्या खोडीत असतो.”

त्या रविवारी खोलीत चौथी खुर्ची होती.

तिच्यावर एक नर्स बसली होती, पस्तिशीची. मांडीवर कोऱ्या लेबलची तबकडी. तिचे वडील एका हॉटेलच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. बँडवाले त्यांना ‘फुंक्या’ म्हणायचे. ते जाऊन दहा वर्षं झाली होती.

“काका, ही तीस वर्षांपूर्वीची आहे,” ती मामाला म्हणाली. “एक कंपनी आता पुन्हा काढतेय. बँडमास्तर सगळीकडे सांगत गेले की सॅक्स त्यांनीच वाजवला. बाबा म्हणायचे, मी वाजवला. कंपनीवाले म्हणतात, तुम्ही तिघं ओळखाल ते नाव छापू. बुधवारी कव्हर छपाईला जातंय.”

“कागदावर कुठे काही नाही?” बाईंनी विचारलं.

“काही नाही. बाबांचं नाव कुठेच नाही. एवढी एकच जागा उरलीय.”

फुंक्याला मामा ओळखत होता, हॉटेलात त्याचं वाजवणं ऐकत आला होता. फुंक्याच्या मुलीला मात्र हे माहीत नव्हतं.

दुकानदाराने सुई टेकवली.

खरखर... मग ड्रमवर तारांच्या ब्रशची हलकी सरसर... मग सॅक्स.

दुसऱ्याच सुराला मामाने ओळखलं. आधी थोडी नुसती हवा, मग तिच्यातून वर येणारा सूर. फुंक्याचा एक पुढचा दात वाकडा होता, त्याच्या फटीतून ती हवा निसटायची. जगात दुसऱ्या कोणाची नव्हती ती खोड. मामाने पेन उघडलं.

आणि तेवढ्यात...

टक्.

सुरांच्या मध्ये, श्वास घेण्याच्या जागी. टक्... आणि मग एक ओला, चोखल्यासारखा आवाज.

च्च्युप्.

मामाचा हात थांबला. हा आवाज तो झोपेतही ओळखेल. सैल कवळी टाळूपासून सुटते, तिच्याखाली थुंकी शिरते, आणि माणूस ती जिभेने परत वर चोखतो. तीस वर्षं तो हाच आवाज ऐकत आला होता.

पण ही रेकॉर्ड तीस वर्षांपूर्वीची. तेव्हा फुंक्याच्या तोंडात स्वतःचे दात होते. कवळी बसली ती अकरा वर्षांपूर्वी.

ती मामानेच बनवली होती.

टक्. च्च्युप्.

आता त्या आवाजात खाल्लेल्याचे कण होते. मामाने मला हे सांगितलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. तो म्हणाला, कवळीखाली अडकलेलं अन्न जिभेने ढवळल्याचा आवाज वेगळा येतो, दाट येतो. तसाच येत होता.

“तुम्हाला... मधे काही ऐकू आलं?” त्याने विचारलं.

“ब्रश छान आहे,” दुकानदार म्हणाला.

बाईंनी नकारार्थी मान हलवली. दोघांनाही काही ऐकू आलं नव्हतं.

मामाला दातखिळी बसायची वेळ आली. समोर ती मुलगी त्याच्या पेनाकडे टक लावून बघत होती. फुंक्याचं नाव लिहिलं तर कवळीची गोष्टही निघेल, या भीतीने मामाने चिठ्ठीवर बँडमास्तरचं नाव लिहिलं आणि ती खोक्यात टाकली.

दुकानदार आणि बाईंनी लिहिलं होतं, ‘सांगता येत नाही.’ म्हणजे निकाल मामाच्या चिठ्ठीवर.

मुलीने चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली.

“नक्की का हो, काका?”

“नक्की,” मामा म्हणाला. कान तापले होते, पण कोणी त्याच्या कानांकडे बघत नव्हतं.

तबकडी तिथेच ठेवून ती जिना उतरून गेली. ही झाली दुसरी थाप. पहिली अकरा वर्षांपूर्वीची.

तेव्हा डॉक्टरांनी फुंक्याचे दात काढण्याआधी त्याच्या जुन्या दातांचा साचा घेतला होता. सोबत चिठ्ठी होती, ‘पेशंट वाद्य वाजवतात. पुढचे दात साच्यात आहेत तसेच, वाकडे बसवणे.’ सॅक्सच्या टोकाला काळी चोच असते, तिच्यावर वरचे पुढचे दात टेकतात. जागा जरा हलली की सगळं बिघडतं.

मामाने तो वाकडा दात पाहिला आणि त्याला राहवलं नाही. कारागिराची खाज! त्याने सरळ, मोत्यासारखी बत्तिशी बसवली.

फुंक्या तीनदा परत आला. कवळी हातात काढून, थुंकीची तार लोंबत असताना म्हणाला, “दात सुरेख आहेत हो. पण माझे नाहीत. आत पाणी साचतं. वाजवताना सुटतात.”

“सवय होईल,” मामा दरवेळी म्हणाला. डॉक्टरांनी जुना साचा मागितला, तर म्हणाला, “फुटला.”

साचा कपाटात होता.

फुंक्याने सॅक्स विकला. वर्षभरात तो गेला.

सोमवारी सकाळी अकरा वाजता मामा कामाला बसला. मेण वितळवताना त्याने रेडिओ लावला. बातम्या देणारी बाई बोलत होती. दोन वाक्यांच्या मधे...

टक्.

च्च्युप्.

त्याने रेडिओ बंद केला. वायर काढली.

टक्.

आवाज कपाटातून येत होता.

मामा धीट माणूस आहे. त्याने दार उघडलं. वास आला... सकाळी न धुतलेल्या तोंडाचा. चाळीस साचे, सगळे कोरडे, पांढरे. प्लास्टर पाणी पितं, ओलं राहत नाही. पण सगळ्यात मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक साचा होता. कागद भिजून त्याला चिकटला होता.

मामाने कागद सोडवला. तो साल निघावी तसा निघाला. आत फुंक्याचे दात. वाकड्या दाताच्या फटीत चिकट, कोमट थुंकी. तिच्यात अन्नाचा एक पिवळट कण...

आणि मामाच्या बघता बघता तिचा एक बुडबुडा झाला. फुगला. फुटला.

मामा बेसिनवर जाऊन ओकला. खळखळून चूळ भरली. तोंड पुसलं, तर जिभेला टाळूपाशी काहीतरी कडक लागलं. कवळीच्या काठासारखं. मामाचे सगळे दात त्याचे स्वतःचे आहेत. त्याने बोट घालून पाहिलं. काही नव्हतं. बोट काढलं की परत लागत होतं.

दिवसभर त्याने काही खाल्लं नाही. पाणी प्यायलं तरी कोणाच्या तरी उष्ट्या ग्लासातलं वाटे. स्वतःची थुंकी गिळवेना. रुमालात थुंकत राहिला. मामी म्हणाली, “शी! लहान मूल आहात का?” त्याने रुमाल तोंडावर घट्ट धरला. बोललं तर तोंडातून तो आवाज येईल, ही धास्ती.

मंगळवारी सकाळी तो नर्सच्या हॉस्पिटलवर गेला. तिची ड्युटी सुटण्याची वाट बघत बाकावर बसला. सोबत साचा, फडक्यात बांधलेला.

तिला बघून उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी खोटी. साचा फुटला हेही खोटं. दात का सरळ केले तेही.

तिने फडकं सोडलं आणि साच्यातल्या वाकड्या दातावरून बोट फिरवलं.

“आम्हाला वाटायचं, बाबांनी हाय खाल्ली म्हणून सॅक्स सोडला,” ती म्हणाली. “आई त्यांना भित्रा म्हणायची. शेवटपर्यंत.”

“माझं चुकलं, ताई.”

“तुम्ही लोकांच्या खोडी ओळखता म्हणे. बाबांची खोड ओळखलीत, आणि घासून टाकलीत.”

मामा मान खाली घालून उभा राहिला. तोंडावर कोणी थुंकलं असतं तर बरं वाटलं असतं, असं तो मला म्हणाला.

“आता कंपनीला काय सांगणार?”

“खरं ते. आत्ताच. तुमच्यासमोर.”

त्याने तिच्यासमोर फोन लावला. फुंक्याचं खरं, पूर्ण नाव सांगितलं. अक्षरं दोनदा सांगितली. नाव छापलं गेलं. मी ते कव्हर पाहिलं आहे.

तोंडातला कडक काठ त्याच क्षणी गेला.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण मामाला चैन पडेना. गुरुवारी त्याने जुन्या साच्यावरून नवी कवळी केली. वाकडा दात वाकडाच, फट तेवढीच. शनिवारी ती मुलीकडे नेली.

“काका, ही आता घालणार कोण?” तिने विचारलं आणि दार लावून घेतलं.

रविवारी चपलांच्या दुकानावर पुन्हा तीच तबकडी लागली. मामाने कवळी पाण्याच्या ग्लासात घालून रेकॉर्ड प्लेअरशेजारी ठेवली होती. दुकानदार म्हणाला, “अरे, हे काय काढलंस चहाच्या वेळेला?” बाईंनी खुर्ची लांब सरकवली.

सुई टेकली. हवा... मग सूर. स्वच्छ. शेवटपर्यंत एकदाही टक् नाही, चोखणं नाही. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं.

रेकॉर्ड संपल्यावर बाई हळूच म्हणाल्या, “अहो... ग्लास.”

ग्लासातलं पाणी गढूळ झालं होतं. वर थुंकीचा फेस होता.

मामाने कवळी बाहेर काढली. ती गरम होती. माणसाच्या तोंडाइतकी. आणि पुढच्या दोन दातांच्या कडेवर खाच होती, वर्षानुवर्षं चोच टेकून पडते तशी. तीन दिवसांपूर्वी मामाने ते दात घडवले होते. कोणीही ते घातले नव्हते.

बाई त्या दिवसापासून आल्या नाहीत. दुकानदाराने खोली भाड्याने दिली.

मागच्या महिन्यात मी मामाकडे गेलो होतो. सोमवारची सकाळ होती. मामा बेसिनपाशी उभा राहून ब्रशने काहीतरी घासत होता. मला वाटलं, कामाचं असेल.

ती कवळी होती. फटीत पिवळट कण, टाळूच्या भागावर चिकट थर. नळाचं पाणी लागलं तसा वास सुटला, आणि मी नाकाला रुमाल लावला.

“दर रविवारी खराब होते,” मामा म्हणाला. “खाच वाढतच चाललीय.”

“फेकून दे ना, मामा! किळस नाही वाटत?”

“वाटते. रोजच्या कामापेक्षा जास्त वाटते.” त्याने ती उजेडात धरली, वाकडा दात निरखला आणि परत ब्रश उचलला. “तीनदा आला होता रे तो माझ्याकडे. एकदाही हातात घेऊन बघितली नाही मी.”

मामीने चहा आणला. मी कपाच्या काठाकडे बघत बसलो. तो ओला होता.

चहा मी तेव्हापासून दुसऱ्याच्या घरी पीत नाही.