आडव्या आठाच्या पुढं

आई, वसुमतीबाई, गेल्यावर निधीनं वडिलांना, रघुपतींना, नवा डिजिटल कॅमेरा आणून दिला. दुःखावर हल्ली हेच देतात. रघुपतींनी तो पंधरा दिवस खोक्यातच ठेवला, कारण त्याची लेन्स आपली आपणच फोकस करायची. कारखान्यात बत्तीस वर्षं सुटे भाग तपासलेल्या माणसाला, आपल्याला न विचारता कुणी माप घेतलेलं खपत नसे.

शेवटी राजाजीनगरातल्या, कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या मल्लाप्पांनी रघुपतींच्या लग्नातल्या कॅमेऱ्याची जुनी लेन्स या नव्या कॅमेऱ्यावर बसवून दिली. मध्ये एक पितळी कडं घातलं.

"कडं स्वल्प पातळ आहे, अण्णा. फोकसची रिंग आडव्या आठाच्या थोडी पुढं जाते."

"म्हणजे अनंताच्याही पुढं? तिथं काय असतं?"

"काही नसतं. तिकडं फिरवू नका, सरी? कळलं ना?"

हातानं फोकस करणाऱ्यासाठी कॅमेऱ्यात एक सोय होती. जे स्पष्ट असेल, त्याच्या कडा पडद्यावर लाल होत. सकाळी टेबलापाशी बसून रघुपतींनी रिंग फिरवली. कॉफीचा पेला लाल झाला, मग लोणच्याची बरणी, मग समोरची रिकामी खुर्ची. खुर्चीत आणखी एक लाल रेघ होती. अंबाडा, चष्म्याची दांडी, खांद्यावरून घसरलेला पदर.

त्यांनी लेन्स पुसली. बॅटरी बदलली. रेघ तशीच. पदर तेवढा सावरलेला.

फोटोत काहीच येत नसे. फक्त पडद्यावर, आणि फक्त त्या एका अंतरावर. सव्वा मीटर.

दुसऱ्या दिवशी ती दोन मीटरवर होती, भिंतीपाशी. मग तीनवर, दारात. मग खिडकीतून पाहावं लागलं. दहावर, फाटकाबाहेर, पाठमोरी. अडतीस वर्षं बाजारात ती अशीच पुढं चालायची आणि "तुमचे पाय आहेत की ओंडके?" असं न वळता विचारायची. आता विचारतही नव्हती. पंधराव्या दिवशी मेट्रोच्या खांबांपलीकडं ती बरोबर आडव्या आठावर उभी होती. सोळाव्या दिवशी तिथं कुणी नव्हतं.

रघुपतींनी रिंग पुढं ढकलली.

होती. नखाएवढी.

दोन दिवसांनी रिंग शेवटाला टेकली आणि तिथं नुसतं आभाळ उरलं. त्यांनी कडं काढलं, काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरला आणि घासायला बसले. कडं जितकं पातळ, तितका फोकस पुढं. रोज मायक्रोमीटर लावून, मोजून, एक दशांश मिलिमीटर. रोज ती तेवढ्यापुरती दिसे. रोज थोडी लहान.

रविवारी दुपारी निधी व्हाइटफील्डहून आली. टेबलावर पितळेचा भुगा, शेजारी कालचा भात.

"अप्पा, माझ्याकडं चला. इथं एकटे काय करता?"

"तुझी आई अजून दिसतेय गं. आणखी दोन दशांश काढले की गाठतो."

निधीनं त्यांच्याकडं पाहिलं, डोळे पुसले आणि कॅमेरा उचलून समोरच्या खुर्चीत बसली. "बरं. आता तुमचा काढते. हसा जरा."

रिंग फिरत राहिली.

"तुम्ही फोकसमध्ये येतच नाही, अप्पा."

"हा काय समोर बसलोय. सव्वा मीटर."

"सव्वावर नाही. पाचवरही नाही."

रिंग आडव्या आठावरून गेली. पुढं गेली. शेवटाला टेकली तेव्हा बारीक टक् झालं.

"आलात," निधी म्हणाली. "किती लहान दिसताय."

रघुपती पुढं झुकले. "शेजारी कुणी आहे?"

निधीनं नीट पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"नाही, अप्पा. एकटेच आहात."

मग तिनं कॅमेरा खाली न ठेवताच दुसरा हात टेबलावरून पुढं केला. त्यांनीही केला. टेबल हातभर रुंद होतं.

हात पोचले नाहीत.