हळदीचं शेवटचं कडवं

चोरी केलीत तुम्ही, मालक! पुण्यात आपल्या कॅसेट कंपनीत पंख्याखाली बसून डिंगोरे गावच्या पोरीचं गाणं तोडलंत, अन् कॅसेटवर छापलंत – ‘पारंपरिक’. नूतन काय दोनशे वर्षांपूर्वी मेली होती?

जिवंत होती ती. निरगुडसरला मावसभावाच्या हळदीत वाटी घेऊन उभी होती. तेवढ्यात कर्ण्यातून तिचंच गाणं आलं... ‘हळदीचं ऊन बाई, अंगणी सांडलं’. वाटी सुटली. हळद थेट शेजारी माईकवर गाणाऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

‘‘अवं बाई, नवरा तिकडं हाय!’’ तो हसला. गालाला खळी पडली. नूतनला त्या खळीचाच जास्त राग आला.

‘‘गाणं कुणाचं?’’

‘‘जुनं हाय. कॅसेटवर मीच गायलोय. गोकुळ.’’

‘‘चौथं कडवं का गाळलं?’’

‘‘चौथं? तीनच व्हती की!’’

भरल्या मांडवात तिनं चौथं म्हटलं – ‘डिंगोऱ्याची नूतन म्हणे, माहेर मागं सांडलं’. शाहिरांची रीतच ती. शेवटी आपलं नाव गुंफायचं. नाव गुंफलं की गाणं कुणी नेत नाही, अशी तिची भाबडी समजूत. तुम्ही तिच्याकडून गाणं टेपवर घेतलंत, ‘कळवतो’ म्हणालात, अन् नावाचं कडवंच उडवलंत!

गोकुळ पांढराफटक पडला.

‘‘ह्यो आवाज... चाल शिकायला मालकांनी ह्याच आवाजाचा टेप ऐकवला. तिसऱ्या कडव्यावर तुटलेला. कोण गातंय, म्हनलो... तर म्हनले, आसंल कुणीतरी बाई.’’

‘‘कुणीतरी?’’

दुसऱ्या दिवशी त्याच्या मोटारसायकलवर दोघं घोडेगावच्या कोर्टात वकील गाठायला गेली. वकीलबाई म्हणाल्या, ‘‘गाणं लिहिलंस त्या घडीला हक्क तुझा झाला. नोंदणी नसली तरी. लिहून, सही करून दिल्याशिवाय तो जात नाही. पण मालक म्हणणार, लोकगीत आहे. साक्षीदार हवा.’’

बाहेर रसवंतीवर गोकुळनं ग्लास पुढं केला. बोटांना बोटं लागली... कुणीच काढली नाहीत.

‘‘नूतन, दोन वर्सं त्या आवाजाच्या मागं येडा झालोय मी. लगीन करशील?’’

हो म्हणायला तिचे ओठ उघडले, पण आधी प्रश्नच निघाला – ‘‘मालकाविरुद्ध साक्ष द्याल?’’

खळी विझली. ‘‘पुढची कॅसेट त्यांच्याकडंच हाय गं... लगीन झाल्यावर बघू की. मंग तुझं काय, माझं काय?’’

‘‘माझं ते माझंच ऱ्हाईल. लग्नानंतरबी.’’ तिचे डोळे भरले, आवाज मात्र हलला नाही. ‘‘तुमी मला लई आवडता, गोकुळ. म्हणून इचारते. टेपावर मी व्हते, हे कोर्टात सांगणार का न्हाई? खाली बघू नका... बोला!’’