कोरडी पावडर

ज्या नळीत एन्झाइमचा थेंबही घातला नव्हता, ती पिवळी कशी झाली?

खरं तर मला त्या नळीकडे बघायचंच नव्हतं. शेजारची, एन्झाइम घातलेली नळी पिवळीधमक झाली होती आणि मी नाचत होते. माझी आई तीन वर्षं मंगळावर आहे. तिथल्या मातीतलं विष फोडणाऱ्या एका एन्झाइमचा (रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या प्रथिनाचा) आराखडा तिने संदेशाने पाठवला आणि आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ते साताऱ्याच्या आपल्या प्रयोगशाळेत बनवलं. ते चाललं की आईचं काम संपलं. ती या महिन्याच्या यानाने घरी!

चाचणीचा सबस्ट्रेट (एन्झाइम ज्याला फोडतं तो पदार्थ) म्हणजे त्या विषासारखीच एक पांढरी पावडर. ती फुटली की पाणी पिवळं होतं.

“आबा, ‘हो’ म्हणून कळवू ना आईला?”

“शाल्मली, पावडर पाण्यात कधी कालवलीस?”

“सकाळीच. तुमचा वेळ वाचावा म्हणून.” केवढी मी शहाणी!

आबांनी कपाळाला हात लावला. “भेळ सकाळी कालवून संध्याकाळी खातेस का? हा पदार्थ अस्थिर (आपला आपणच फुटणारा) आहे. कोरडा असेपर्यंत गप्प बसतो. पाणी लागलं की एन्झाइम असो वा नसो, फुटायला लागतो. म्हणून तर एक नळी एन्झाइमशिवाय ठेवायची. आपोआप किती फुटलं, ते ती सांगते.”

दोन्ही नळ्या सारख्याच पिवळ्या होत्या. तो सगळा रंग माझ्या घाईने आणला होता. मला रडू कोसळलं. खोटं ‘हो’ गेलं असतं तर आई आली असती, पण मंगळावर मागे राहिलेल्यांनी त्या मातीत पिकवलेले विषारी बटाटे खाल्ले असते.

आम्ही पुन्हा मांडलं. एन्झाइम आधी मोजून ठेवलं, घड्याळ लावलं आणि पावडर अगदी शेवटी, बर्फात गार केलेल्या पाण्यात कालवून लगेच नळ्यांत घातली. एन्झाइम नसलेली नळी जवळपास नितळ राहिली. दुसरी हळूहळू लिंबाच्या सरबताइतकी पिवळसर झाली.

“चालतंय,” आबा म्हणाले, “पण फार हळू. सुधारावं लागेल.”

म्हणजे हे यान गेलं. पुढचं सव्वीस महिन्यांनी. मला आई आत्ता हवी होती. तिच्या कुशीतला वास आठवत होता. तरी निरोप मीच लिहिला, ‘चालतं, पण हळू.’

अर्ध्या तासाने उत्तर आलं. आईचा आवाज जरा ओला होता.

“शाल्मे, खरं कळवलंस ते बरं केलंस. एन्झाइम मी सुधारते आणि पुढच्या यानाने येते. थोडी पावडर कोरडीच ठेव. मी आल्यावर आपण दोघी मिळून कालवू.”

मी बाटलीत ओल शोषणारी पुडी टाकली, झाकण घट्ट लावलं आणि वर आईचं नाव लिहिलं.