चोविसावा वाटा

लिलाधर गुरुजींना आपल्या प्रत्येक वस्तूवर नाव घालायची खोड होती. छत्री, जेवणाचा डबा, सायकलचा पंप, अंगणातली खुर्ची, हातातली बॅटरी, सगळ्यांवर लाल ऑइलपेंटने ‘लि.’ काढलेलं. गावातले लोक म्हणायचे, गुरुजीनं बायकोच्या कपाळावर तेवढं काढायचं ठेवलं. गुरुजी हसत नसत, पण रागावतही नसत. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं काढलेल्या या माणसाला एकच गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे गलका. वर्ग शांत पाहिजे, घर शांत पाहिजे, आणि तंटामुक्त समितीचे अध्यक्ष झाल्यापासून गावही शांत पाहिजे.

चिचटोला गाव मात्र पाच महिन्यांपासून धुमसत होतं.

पूस महिन्यात ग्रामपंचायतीची निवडणूक झाली आणि सत्यभामाबाई सरपंच म्हणून निवडून आल्या. तालुक्याला, पवनीला, मतमोजणी आटोपून गुलालाची मिरवणूक परतली ती मुद्दाम ढिवरांच्या टोलीतून, मासे धरणाऱ्यांच्या वस्तीतून आली, कारण टोलीने विरोधात मतं टाकली होती. दगड उडाले, दोन घरांची कौलं फुटली. त्याच संध्याकाळी टोलीतला धनीराम दिसेनासा झाला आणि तिसऱ्या दिवशी गावच्या मामा तलावात, जुन्या मालगुजारी तलावात, त्याचं प्रेत वर आलं. डोक्याच्या मागे जखम होती. दारू पिऊन तलावाच्या बांधावरून, पाळीवरून घसरला असेल, असं गावाने आपसांत ठरवून टाकलं. धनीराम दारूला शिवत नव्हता, ही गोष्ट गावाला सोयीने आठवली नाही. त्याच्या बायकोने, दुर्गाने, ठाण्यात सत्यभामाबाईंच्या मुलाचं, प्रविणचं नाव दिलं. पण पाहणारं कोणी पुढे आलं नाही, आणि तपास तिथेच अडला.

मग गावाचे दोन तुकडे झाले. चक्कीवाला टोलीचं दळण घेईना. हातपंपावर दोन रांगा लागल्या. फागुनात एकाच मांडवात लग्न लागलं आणि अर्ध्या गावाने घरी जाऊन जेवण केलं. पंचायतीने तलावात जाळं टाकायला मनाई केली, तेव्हा टोलीच्या चुली खऱ्या अर्थाने थंड पडल्या. मासोळी नाही तर टोली नाही, इतकं ते सरळ होतं.

गुरुजींनी तीन महिने खेटे घालून समेट जुळवला. तलाव पुन्हा टोलीकडे द्यायचा, आणि दुर्गाने ‘माझी कोणावर तक्रार नाही’ अशा कागदावर सही करायची. दुर्गाने कागद वाचून घेतला.

“सही करीन जी,” ती म्हणाली. “टोलीतले लेकरं उपाशी ठेवून मी कायचा न्याय मागू? पन एक आयका. दोन्हीकडच्या लोकाईनं एकाच जाल्याले हात लावावा. वाटे जुन्या रिवाजानं पडावे. आन् पाठमोरे तुमी बसावं.”

“मी काहून? मी तर मासोळी खातही नाही.”

“म्हनूनच,” दुर्गा म्हणाली.

रिवाज असा होता. तलावातून निघालेल्या मासोळीचे पळसाच्या पानांवर सारखे वाटे मांडायचे. एकाने काठी टेकवत विचारायचं, ‘हा कोनाचा?’ दुसऱ्याने वाट्यांकडे पाठ करून, न पाहता, एकेक नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघालं त्याचा तो वाटा. मासोळी लहान की मोठी, तक्रार नाही. तोंडातून निघालेलं नाव बदलायचं नाही. आणि पाठमोरा बसणाऱ्याला वाटा नाही, कारण त्याने दोराला हात लावलेला नसतो. पंधरा वर्षं काठी टेकवून विचारायचं काम धनीराम करीत असे. ‘कोनाऽऽचा’ असा मधला ‘ना’ ओढून तो विचारायचा, आणि टोलीतल्या बायका त्याची नक्कल करून हसायच्या.

गुरुजी तयार झाले. सही झाली की सगळं मिटणार होतं. एका गोष्टीचा मात्र त्यांनी कुठे उच्चार केला नव्हता, अगदी बायकोजवळही नाही. त्या संध्याकाळी ते पाळीवर होते. प्रविणने धनीरामला ढकललेलं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण बोललो असतो तर दुसऱ्याच दिवशी दुसरा मुडदा पडला असता, असं ते स्वतःला समजावत. झाकली मूठ सव्वा लाखाची. रोज रात्री समजूत पटायची आणि रोज सकाळी पुन्हा घालावी लागायची.

जेठ महिन्यातल्या एका सोमवारी, ऊन चढायच्या आधी, सगळे तलावावर जमले. पाणी आटून मधोमध आलं होतं. काठाचा चिखल तडकला होता. तेवीस जण आले होते, बारा टोलीतले आणि अकरा पलीकडचे, त्यात प्रविणही होता. उजव्या दोराला बारा आणि डाव्या दोराला अकरा असे उभे राहिले. 

जाळं ओढायला लागले तशी उजवी बाजू मागे पडू लागली. मनिरामने, मासेमारी सोसायटीच्या अध्यक्षाने, दोनदा जोर लावायला सांगितलं. तरी डावा दोर पुढेच सरकत होता, आणि त्या बाजूच्या अकरा जणांना घामही आला नव्हता.

“डाव्या बाजूले आज कोन लागून राहिला बापा?” मनिराम म्हणाला. डाव्या दोराला पाण्याकडची पहिली जागा धनीरामची असायची. आज तिथे नुसता दोर होता, ताठ.

चिखलामुळे असेल, गुरुजींनी मनात म्हटलं. डावीकडे तळ उताराचा आहे.

मासोळी चांगली निघाली. मनिरामने बाभळीच्या सावलीत पळसाची पानं मांडली, मोजली, आणि एक पान उचलून बाजूला ठेवलं. मग पुन्हा मोजली आणि पुन्हा एक उचललं.

“काय झालं?”

“चोवीस होऊन राहिले जी. घरून तेवीस मोजून आनले होते मी.”

“ओली पानं एकमेकाला चिकटतात,” गुरुजी म्हणाले. तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाजवळ उत्तर तयार असतंच. पानं वाळलेली आहेत हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

ते वाट्यांकडे पाठ करून, तलावाकडे तोंड करून बसले. शर्टाच्या खिशात दुर्गाचा कागद होता, वाटे झाल्यावर त्यावर सही व्हायची होती. हातात तेवीस नावांची यादी. बाजूला दुर्गा उभी होती. मागे काठी टेकली.

“हा कोनाचा?” मनिरामने विचारलं.

“कैलाश.”

कैलाश आपला वाटा घेऊन गेला. पुढचा सचिनचा निघाला, त्याच्या पुढचा पुन्हा टोलीतल्या एकाचा. हजेरी घ्यावी तसं ते सोपं होतं. दहा-बारा नावं झाल्यावर माणसं थोडी सैल झाली. पलीकडच्या एकाला मोठा रोहू आला तेव्हा टोलीतलं कोणीतरी हसलं, आणि तो माणूसही हसला. पाच महिन्यांत पहिल्यांदाच दोन्हीकडची माणसं एकाच गोष्टीला हसली होती. गुरुजींना फार बरं वाटलं. आपण केलं ते चुकलं नाही, असं त्यांना त्या क्षणी खरोखर वाटलं.

सतराव्या नावाच्या सुमारास मागचा आवाज जरा घोगरा झाला. मनिरामचा घसा बसला असेल.

विसाव्याला मानेजवळ गार लागलं. ओल्या गाळाचा वास आला, तळातल्या गाळाचा, जो फक्त जाळ्याबरोबर वर येतो. गुरुजींनी मान चोळली. हात ओला झाला.

बाविसावं नाव प्रविणचं घेतलं. तो आला, पान उचललं, कोणाकडे न पाहता बाजूला झाला.

तेविसावं नाव घेऊन गुरुजींनी यादीची घडी घातली. गुडघ्यावर हात टेकून ते उठणार, एवढ्यात मागे काठी टेकली.

“हा कोनाऽऽचा?”

“झाले ना मनिराम. तेवीस झाले.”

गुरुजींनी समोर पाहिलं.

समोर, पाण्याच्या काठाशी वाकून, मनिराम हात धूत होता.

गुरुजी हलले नाहीत. बाजूला माणसं आपापली पानं हातात धरून उभी होती. दुर्गा त्यांच्या मागे कुठेतरी पाहत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मानेवर एक थेंब पडला. मग दुसरा.

“हा कोनाऽऽचा?”

प्रविणचं नाव पाच महिने गुरुजींच्या जिभेवर होतं. आता तेच घ्यायचं, म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

“लिलाधर,” ते म्हणाले.

तोंडातून निघालं ते निघालं. ते वळले.

मागे कोणी नव्हतं. काठी जमिनीवर पडली होती. बाभळीखाली एकच पान उरलं होतं आणि त्यावर मासोळी नव्हती. गाळाने माखलेली बॅटरी होती. गाळाखालून लाल ‘लि.’ दिसत होतं.

बॅटरी पेटलेली होती. उन्हात तो उजेड नीट दिसतही नव्हता.

दुर्गा पानाजवळ बसली.

“हे तुमची बॅटरी ना जी? पवनीच्या बसमध्ये हरवली म्हनत होते तुमी.”

“बसमध्ये नाही,” गुरुजी म्हणाले. “मी इथं होतो. प्रविणनं त्याले ढकललं. डोकं दगडाले लागलं, तो पान्यात गेला. प्रविण पळाला.”

कोणाच्या तरी हातातलं पान गळून पडलं. ते प्रविणचं होतं.

“मंग?” दुर्गाने विचारलं.

“धनीराम जिवंत होता. माझ्या बॅटरीचा उजेड त्याच्या तोंडावर पडला. मी त्याले दिसत नव्हतो, नुसता उजेड दिसत होता. हात द्या म्हने. कोन हाय, हात द्या म्हने. जाल्याचा दोर तिथंच पाळीवर पडला होता.”

“मंग?”

“मले वाटलं, मिरवणुकीतले लोक येतील. गलका होईल. माझं नाव येईल.” “मी दोन पावलं मागं सरलो आन् बॅटरी बंद केली. मंग ते हातातून सुटली, पान्यात गेली.”

पाच महिने त्यांनी स्वतःला फक्त ढकलल्याचंच सांगितलं होतं. पुढचं आज पहिल्यांदा ऐकत होते, दुर्गाबरोबरच.

दुर्गा रडायची थांबली होती. तिने हात पुढे केला. गुरुजींनी खिशातला कागद दिला. तिने तो चार घड्या करून पदराला बांधला.

“चला,” ती म्हणाली.

मनिरामने ऑटो काढला. दुर्गा आणि गुरुजी मागे बसले. प्रविणला कोणी बोलावलं नव्हतं. तो आपण होऊन आला आणि समोर मनिरामजवळ बसला. आसगाव गेलं, धानाची रिकामी बांधी गेली, पवनी आलं. बॅटरी पळसाच्या पानात गुंडाळून गुरुजींच्या मांडीवर होती.

ठाण्यात हवालदाराने बयान लिहून घ्यायला घेतलं. दोन पानं झाल्यावर त्याचं लक्ष टेबलाकडे गेलं.

“गुरुजी, दिवसाढवळ्या कायले जाळून राहिले? बंद करा ना ते.”

गुरुजींनी खटका मागे ओढला. पुन्हा ओढला.

“गाळ गेला असन,” म्हणत हवालदाराने बॅटरी घेतली आणि मागचं झाकण फिरवलं. आतून सेल बाहेर पडले, फुगून फुटलेले, गंजाने एकमेकांना चिकटलेले. त्यांच्यामागून पाणी आलं. काळसर, गाळाच्या वासाचं. ते टेबलावरून फरशीवर सांडलं आणि सांडतच राहिलं, एका बॅटरीत मावेल त्याहून कितीतरी जास्त. हवालदार खुर्ची सरकवून उठला. त्याच्या हातातला उजेड तसाच होता.

पाणी फरशीवरून सरळ गुरुजींच्या चपलांपर्यंत आलं. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.