लाल बटणावरचं बोट

दोन घास सुखानं खाऊ द्याल तर शपथ. सांगा तात्या, सांगा तात्या! मोबाईलमध्ये दिवसभर भुतं बघता, तेवढ्यानं पोट भरत नाही व्हय रं? बसा मग गप. मधे कुणी दात काढले तर उठून जाईन. ही गोष्ट काही रचलेली नाही. आपल्या मनुबाईच्या पोराची आहे.

मनुबाईचा ऋषिराज तिकडं सांगलीजवळ माधवनगरात राहतो. फोनमधली ॲपं बनवतो. गेल्या डिसेंबरची नऊ तारीख, मंगळवार. अमावस्या नाही, बाराचा ठोका नाही. रात्रीचे सव्वानऊ.

त्यानं 'हाक' नावाचं ॲप केलं होतं. गावाकडं एकटी राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. उघडलं की एकच मोठं लाल बटण. दाबलं की पोराला फोन. पलटणीतल्या काही पोरांनी आपापल्या आयांसाठी ते मागितलं, म्हणून तो नीट तपासायला बसला होता. आधी एआय त्याला नुसता कोड लिहून द्यायचा. त्या रात्री ऋषिराजनं त्याला ॲप बांधायची आणि तपासायची हत्यारंही जोडून दिली. आता तोच लिहिणार, तोच बांधणार, तोच केबलनं फोनवर चढवणार आणि बटणंही तोच दाबून बघणार.

"मग तुमी काय करणार?" बायकोनं, सोनमनं, मोरीतून विचारलं.

"चहा पिणार."

"मलाबी असा एक गडी जोडून द्या की. भांड्याला."

आधी त्यानं सगळं संगणकातल्या नकली फोनवरच तपासलं होतं. आता म्हाताऱ्यांकडं असतो तसला जुना, खराखुरा फोन पाहिजे होता. घरात तसा एकच होता. आईचा.

मनुबाई इथंच राहायची, वाईच्या या अंगाला, माझ्या भिंतीला भिंत. सप्टेंबरात गेली. आदल्या संध्याकाळी मायलेकांचं फोनवर वाजलं होतं. "माधवनगरला चल." "हळदीचं रान टाकून न्हाई यायची मी." "मग मर तितंच!" म्हणून पोरानं फोन ठेवला. सकाळी ती दारात पडलेली. बॅटरी संपलेला फोन मुठीत, त्यात पोरानंच घालून दिलेलं 'हाक'. पण ऋषिराजच्या फोनवर रात्रभरात एक रिंग नाही. तेव्हापासून पोराला एकच किडा पोखरत होता... आईनं हाक मारलीच नाही? एवढा राग?

असो. केबल लावली. पडद्यावर ओळी उमटू लागल्या. बटण दाबलं. फोन लावायला घेतला. पास. पुन्हा दाबलं. पास. अकरा वेळा पास.

बाराव्या वेळी ओळ आली. बटण दाबलेलं आहे. फोन लागत नाही.

ऋषिराजनं लिहिलं, परत दाब.

मी दाबलेलं नाही.

मग कुणी?

माहीत नाही. काचेवर बोट आहे.

त्यानं फोनकडं बघितलं. टेबलावर उताणा पडलेला. आसपास कुणी नाही. पण लाल बटण काळपट झालं होतं... दाबल्यावर होतं तसं.

फोन का लागत नाही?

बोट उचललं की फोन लागतो. कोडमध्ये तसं आहे. हे बोट उचललेलंच नाही.

तसं लिहायला ऋषिराजनंच सांगितलं होतं. त्याच्यासारखी माणसं बटण टिचकीनं दाबतात. घाबरलेलं माणूस दाबतं... आणि दाबूनच धरतं.

आईनं हाक मारली होती.

त्यानं लिहिलं, दाबताक्षणी लाव. गड्यानं कोड बदलला. ॲप बांधलं. फोनवर चढवलं.

ऋषिराजचा स्वतःचा फोन वाजला.

'आई'.

तिच्या फोनात सिम नव्हतं. तेरावं झाल्यावर त्यानंच काढलं होतं.

त्यानं उचलला.

"आई...?"

काही नाही.

"आई, मी तसं बोलाय नको हुतं गं..."

फोन त्यानं कानाशी दाबून धरला.

मग संगणकावर एक ओळ आली.

बोट उचललं.

सोनम हात पुसत बाहेर आली, तर हा भुईवर बसून लहान पोरागत रडत होता. तिनं टेबलावरचा फोन उचलून दिव्याखाली धरला. सगळी काच लख्ख. फक्त लाल बटणाच्या जागी झिजलेली. अंगठ्याएवढा खळगा. शेदोनशे वर्षांत देवळाच्या पायरीला पडतो, तसा. चार वर्षांच्या फोनाला.

पुढं गावी आली तेव्हा तिनं मला तो खळगा दाखवला. बोट फिरवलं की लागतो.

हे सगळं सोनमनं सांगितलं. तो नाही आला. मनुबाईच्या मुठीतून तो फोन मी सोडवला होता रं, या हातांनी. आणि सरणापाशी सगळ्या गावादेखत त्यानं मला विचारलं, "भिंतीपल्याड असून तुमाला हाक कशी ऐकू आली न्हाई, तात्या?" मी मान खाली घातली. तीन महिने खालीच होती. आता हाक कुठं अडकली होती ते कळलंय त्याला. आईपाशी चुकलं म्हणाला. माझ्यापाशी अजून म्हणायचाय, ऋषिराज.