डाव्या हाताची शेज

मापं घेणं हा माझा धंदा. लॉन्सेस्टनमध्ये स्वयंपाकघरं बसवून देणारा एक कारखाना आहे, त्याच्यासाठी मी तीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन भिंती मोजते आहे. माझ्या मापानं कापलेली फळी आजवर परत आलेली नाही. म्हणून आधीच सांगते, पुढचं जे झालं ते माप चुकल्यानं झालं नाही. मी खोटं बोलले, तेही आईशी.

आई, डल्सी, शहाऐंशीची. खुबा मोडल्यापासून टेकडीवरच्या वृद्धाश्रमात. तिची खिडकी दक्षिणेची, गाड्या लावायच्या जागेकडे उघडणारी. आमच्या दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं, त्यामुळे तिच्या खोलीत उन्हाचा कवडसा म्हणून नाही. जूनमध्ये ती म्हणाली, "लिॲन, मला घरी ने गं. तुझ्या उत्तरेच्या खिडकीपाशी एक पलंग टाक, बाकी काही नको."

"बघते," मी म्हटलं.

नवरा नको म्हणेल, असं मी धरून चालले होते. तर गार्थ म्हणाला, "मावेल की पलंग. आणू या म्हातारीला." मेल्यानं नाही म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं! त्याच्या माथी मारून मोकळी झाले असते. मला आईचं करायचं नव्हतं. तिचं हगणंमुतणं, तिच्या हाका, माझ्या रविवारांचा सत्यानाश, काही म्हणजे काही नको होतं. हे लिहितानाही कान गरम होतात.

त्याच शनिवारी आम्ही सोफा बघायला गेलो. राखी रंगाचा, एका टोकाला पाय पसरून पडायला लांब बैठक असलेला. त्या लांब बैठकीला शेज म्हणतात. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "शेज डाव्या हाताला हवी की उजव्या?" सोफ्यासमोर उभं राहून बघायचं, ही त्यांची रीत. उजवी घेतली तर ती दाराकडे जाणार, खिडकी मोकळी. डावी घेतली तर खिडकीखालची जागा बुजली.

"डाव्या," मी म्हटलं.

"अगं, मग खिडकी अडते," गार्थ म्हणाला.

"अडू दे."

दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं, "जागाच नाही गं. सोफा घेतलाय." वर वहीत आराखडा काढून दाखवला, सेंटिमीटरसकट. ती चष्मा चढवून बराच वेळ बघत राहिली.

"तू मोजलंस म्हणजे बरोबरच असणार," ती म्हणाली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी वही मिटून पर्समध्ये टाकली.

जुलैत सोफा आला. कामगारांनी तुकडे जोडले आणि बघते तर शेज दाराकडे. खिडकीखाली बरोब्बर एका पलंगाची जागा रिकामी. पावतीवर 'डावी' लिहिलेलं. दुकानात फोन केला तर त्या बाई म्हणाल्या, "तुम्ही उभ्या राहून बघताय की बसून?" गार्थ पोट धरून हसला. "तीस वर्षं भिंती मोजतेस, आणि स्वतःचं डावं-उजवं कळेना होय!"

महिन्याभरानं त्यांनी बदलून दिला. या खेपेला कामगार जाईपर्यंत मी समोरून हलले नाही. डावा हात, खिडकी, शेज. बरोबर.

मग मी खोली मन लावून सजवली. शेजेवर मोहरीच्या रंगाची लोकरी शाल तिरकी टाकली. दोन विटकरी उशा, एक हिरवी. दाराकडच्या टोकाला उंच दिवा, पायाशी गोल गालिचा. फोटो काढून पर्थमधल्या धाकट्या बहिणीला पाठवला. नोएलिनचा लगेच फोन आला.

"छान केलंस गं लिॲन! आईच्या पलंगाला जागा ठेवलीस ते फार बरं केलंस."

"कुठली जागा?"

"खिडकीखाली. मोकळंच आहे की सगळं."

माझ्या फोनवर तोच फोटो होता. त्यात खिडकीखाली शेज होती. पहिल्या सोफ्याचा जुना फोटो गेला असेल, असं वाटलं. "दिवा कुठे दिसतो तुला?" मी विचारलं.

"दाराशी. शेजेला लागून. का गं?"

म्हणजे फोटो तोच होता, दिवा तर मी आत्ताच ठेवला होता. मी काहीतरी थातुरमातुर बोलून फोन ठेवला.

त्यानंतर शाल जागेवर राहीना. मी तिरकी टाकायची, तासाभरानं ती सरळ. कडा गादीखाली घट्ट खोचलेल्या, वृद्धाश्रमात खोचतात तशा. गार्थला झापलं. "मी?" तो म्हणाला. "मला रुमालाची घडी येत नाही, लग्नाला चौतीस वर्षं झाली!" ते खरंच होतं.

ऑगस्टमध्ये नदीवरचं धुकं तीन दिवस हललं नाही. खिडकीत नुसता कापूस. तिसऱ्या सकाळी चहाचा कप घेऊन जाताना सहज शेजेवर हात टेकला. भिंतीकडची वीतभर पट्टी कोमट होती. बाकीचं कापड गार.

दुपारी आईकडे गेले. ती खुशीत होती. उजवा गाल तांबूस, ऊन लागल्यासारखा.

"तुमच्या समोरच्या मोनीनं वॉटलचं झाड पार बुडातून तोडलं गं," ती म्हणाली. "ऐन फुलात! काय बाई आहे!"

झाड त्याच सकाळी तोडलं होतं. मी घरून निघाले तेव्हा फांद्या अजून रस्त्यावर होत्या.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? दिसलं." तिनं माझा हात धरला. "सोफा दिसायला झकास आहे हो. जरा टणक आहे. पण तक्रार नाही माझी."

मी तिच्या पलंगावर टेकले.

"तू चहा घेऊन पुढ्यातून जातेस, एक शब्द बोलत नाहीस. कामात असतेस, ठाऊक आहे मला."

"आई," मी म्हटलं, "जागा होती गं. मी खोटं बोलले."

"असू दे." ती माझा हात थोपटत राहिली. "नाही म्हणालीस ना, म्हणून मी आपली अंग चोरून बसते. भिंतीला लागून. तुला अडचण नको."

मी तिथे खूप रडले. लाज वाटत होती आणि भीतीही, कुठलं रडू कशाचं ते कळेना.

शुक्रवारी तिला घरी आणलं. सोफा गार्थनं भावाच्या शेडमध्ये नेऊन टाकला. खिडकीखाली पलंग लावला, चांगला ऐसपैस. आई त्याच्या अगदी कडेला निजली, भिंतीला लागून.

"आई, मध्ये सरक ना."

"बरी आहे मी."

नव्या गाऊनसाठी तिचं माप घेतलं. उंची एकशे एकावन्न सेंटिमीटर.

दहा दिवसांत गाऊन पायात यायला लागला. पुन्हा मोजलं. एकशे त्रेचाळीस. डॉक्टर म्हणाले, म्हातारपणी माणूस आखडतंच. शिवाय घरी मापं इकडची तिकडे होतात, म्हणे.

मी टेप पर्समध्ये ठेवून दिली.

मी तिच्याशी बोलते. दिवसभर बोलते. सकाळी दोघींचा चहा तिच्यापाशीच घेते. ती हसते, खाते, कुठे दुखत नाही म्हणते. रोज सांगते, आई, घर तुझंच आहे, पाय पसर. ती मान डोलावते आणि गुडघे पोटाशी घेते.

आज मोजलं.

एकशे अठ्ठावीस.

दोनदा मोजलं. टेप गुंडाळली आणि पुन्हा उलगडली. ते तिनं पाहिलं असावं. माझी समजूत घालावी तशी ती हळूच म्हणाली, "आता सोफा परत आणलास तरी चालेल हं, लिॲन. दोन्ही मावतील."